निवलेला धूर

पाइप ओढायला लागल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मला चहा पिता येईना. कप ओठाला लावला आणि जिभेचं टोक असं चरचरलं की कप खाली ठेवावा लागला. दुपारी आईच्या हातची साधी आमटी, तिच्यात नेहमीचंच तिखट, पण पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. आरशासमोर उभं राहून जीभ बाहेर काढून पाहिली. फोड नाही, जखम नाही. टोकाला आणि दोन्ही कडांना लाली, आणि तिथे बोट टेकवलं तर सोलवटल्यासारखी आग. गरम दुधानं जीभ पोळते ती संध्याकाळपर्यंत विसरते. हे दुखणं चार दिवस टिकलं आणि त्या चार दिवसांत मला ना मिठाची चव लागली ना साखरेची.

साल १९८८. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि पाइप मामानं दिला होता. मामा माझगाव डॉकमध्ये उमेदवारी करून पुढे जहाजावर इंजिनिअर झालेला माणूस. आयुष्याची पंचवीस वर्षं बॉयलरच्या संगतीत काढून तो गिरगावात परतला, तेव्हा त्याच्या सामानात तीन पाइप होते. त्यांतला सर्वांत साधा, सरळ दांडीचा मला मिळाला. तंबाखू मी फोर्टमधल्या एका दुकानातून आणली. पाकीट फोडलं की व्हॅनिला आणि चेरीचा वास खोलीभर पसरायचा. हाताला ती ओलसर, थोडी चिकट लागायची. तो ताजेपणा आहे असं मी समजत होतो.

मामानं माझी जीभ पाहिली, मग मला त्याच्यासमोर पाइप भरून ओढायला सांगितलं. मी भरला, पेटवला, आणि विझू नये म्हणून भराभर झुरके घेऊ लागलो. दोन मिनिटांत पाइपाचं भांडं हातात धरवेना इतकं तापलं. मामानं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाला, ‘‘अरे, ओल्या लाकडांवर बंब पेटवतोयस तू. तंबाखू नंतर जळतेय, आधी पाणी उकळतंय. आणि ती वाफ तू जिभेवर सोडतोयस.’’

पाइप ओढणाऱ्यांच्या जगात या दुखण्याला ‘जीभ चावणं’ म्हणतात, म्हणजे धूर जिभेला चावतो. इंग्लंड, आयर्लंड, डेन्मार्क, अमेरिका, जिथे जिथे पाइप रुजला तिथे प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला ते आलं आणि कित्येकांनी त्यापायीच पाइप कायमचा खाली ठेवला. त्यावर सांगितले जाणारे उपाय शेकड्यानं आहेत. मला विचाराल तर त्यांतले बहुतेक मामाच्या त्या एका वाक्यात येतात.

वाफेचा हिशेब मामानं मला कागदावर मांडून दाखवला होता. वीस अंश तापमानाचं एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत आणायला ८० कॅलरी लागतात. पण उकळतं पाणी वाफेत बदलायला त्याच एका ग्रॅमला आणखी ५४० कॅलरी लागतात, आणि एवढं करून थर्मामीटरचा पारा हलतही नाही. ती सगळी उष्णता वाफ पोटात घेऊन फिरते. थंड काही भेटलं की तिचं पुन्हा पाणी होतं आणि पोटातली उष्णता तिथेच ओतली जाते. इडलीपात्राचं झाकण काढताना मनगट पोळतं ते यामुळेच. तेवढ्याच तापलेल्या कोरड्या हवेत हात क्षणभर सहज निभावतो. जहाजावर उच्च दाबाची वाफ गळू लागली तर ती डोळ्यांना दिसत नाही. मामा सांगायचा, अशा वेळी झाडूचा दांडा पुढे धरून पाऊल टाकायचं. दांडा जिथे कापला जाईल तिथे गळती. या माणसाला ओल्या तंबाखूचा धाक वाटायचा तो उगाच नव्हे.

पाइपात साधारण तीन ग्रॅम तंबाखू बसते. तिच्यात वीस टक्के ओल असेल तर तब्बल ०.६ ग्रॅम पाणी झालं. वाळवून ओल बारा टक्क्यांवर आणली की तेच सुमारे ०.३३ ग्रॅमवर येतं. जळताना तंबाखूतून पाणी तयार होतंच, ते टाळता येत नाही. पण ओलीतलं जे टाळता येतं ते निम्म्याच्या आसपास आहे. शिवाय ओली तंबाखू विझते, विझू नये म्हणून माणूस जोरात ओढतो, जोरात ओढली की निखारा भडकतो आणि वाफ आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की जिभेची सुटका नाही. सुगंधी तंबाखू सुकू नये म्हणून तिच्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. मी ज्याला ताजेपणा समजत होतो तो हाच चिकटपणा. अशी तंबाखू रात्रभर उघडी ठेवली तरी पुरती कोरडी होत नाही.

मामाची रीत अशी. जेवण झालं की वर्तमानपत्राचं अर्धं पान टेबलावर पसरायचं, त्यावर एका वेळेपुरती तंबाखू मोकळी करून टाकायची आणि पंखा सगळ्यात हळू. पावसाळ्यात तास-दीड तास, मे महिन्यात वीस मिनिटं. अधूनमधून चिमूट उचलून दोन बोटांत दाबून पाहायचा. दाबल्यावर गोळा होऊन राहिली तर ओली. चुरा झाला तर फार सुकली. तीही वाईट, कारण कोरडा पाचोळा भुरकन पेटतो. दाब काढल्यावर हळूच उलगडली की झाली. तेव्हा आतल्या खोलीतून मामी विचारायची, ‘‘झाली का हो तुमची वाळवणं?’’ आणि मामा पाइप हातात घ्यायचा.

भरण्याबद्दल युरोपात एक जुनी म्हण आहे: पहिली चिमूट बाळाच्या हातानं, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. म्हणजे तळाशी अगदी सैल, वर जाताना जरा घट्ट. भरून झाल्यावर न पेटवता ओढून पाहायचं. नळीनं सरबत पिताना लागतो तेवढा जोर लागायला हवा. जास्त लागला तर सगळं काढून पुन्हा भरायचं. इथे आळस केला की पुढचा पाऊण तास शिक्षा. मग पहिली काडी, नुसती वरची तंबाखू काळी करण्यापुरती. ती फुगून वर येते, तिला दट्ट्यानं हलकेच बसवायचं, आणि दुसऱ्या काडीनं खरं पेटवायचं.

आणि ओढायचं कसं? मामा याला ‘घोट घेणं’ म्हणायचा. कढत चहा बशीतून आपण ओठांनी उचलतो तेवढाच धूर ओढायचा, तोंडाच्या पुढच्या भागात, छातीत नाही. मिनिटाला दोन-तीनदा. पाइप गालाला लावायचा; गालाला सोसवत नसेल तर खाली ठेवायचा. विझला तर विझू द्यायचा. मला हे शेवटचं शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. विझलेला पाइप म्हणजे आपली हार असं वाटायचं. पाइप क्लबांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यात प्रत्येकाला तीन ग्रॅम तंबाखू आणि फक्त दोन काड्या मिळतात. ज्याचा पाइप सर्वांत उशिरा विझतो तो जिंकतो. निष्णात माणसं तेवढ्यावर तीन तासांच्या पुढे गेली आहेत. तीन ग्रॅम! मी ते पंधरा मिनिटांत संपवत होतो.

वाफेचा चटका हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा रसायनाचा आहे, आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. विड्यात चुना जास्त पडला की काय होतं? तिथे धग नसते, तरी तोंड भाजतंच. अल्क म्हणजे खार जिभेच्या नाजूक त्वचेला असाच सोलतो. तंबाखूच्या धुराचंही तसंच, आणि कोणती पानं कशी सुकवली यावर ते ठरतं. भट्टीच्या गरम हवेत सुकवलेल्या पिवळ्या व्हर्जिनियात, आपल्याकडे गुंटूर-राजमहेंद्रीच्या बाजूला पिकते तीत, साखर भरपूर राहते. तिचा धूर आम्लाकडे झुकतो, पण ती तापट. जोरात ओढली की जिभेला टोचते. सावलीत वाऱ्यावर सुकवलेल्या बर्लीत साखर जवळपास उरतच नाही आणि धूर खाराकडे जातो. अल्कधर्मी धुरातलं निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच भराभर रक्तात उतरतं, म्हणून धूर छातीत न घेताही बर्ली ओढणाऱ्याचं डोकं हलकं होतं. सायप्रस आणि सीरियातली लटाकिया लाकडांच्या धुरावर राखलेली; तिचा वास उग्र, पण ती जिभेशी सौम्य वागते. लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातली पेरिक पिंपात दाबून स्वतःच्याच रसात आंबवतात. ती थोडी घातली तरी मिरीसारखी झणझणते. एकाची जीभ व्हर्जिनियानं सोलवटते, दुसऱ्याची बर्लीनं. एका वेळी एकच तंबाखू, महिनाभर, आणि ती वाळवून. कारण सापडायला याहून जवळची वाट मला मिळाली नाही.

धूर निववण्याची ही धडपड काही फक्त पाइपवाल्यांची नाही. आपल्या चिलमीकडे पाहा. तिला छापी लागते, म्हणजे तोंडाशी गुंडाळायचं ओलं फडकं. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्री साईसच्चरिता’त धूपखेड्याच्या चांद पाटलाची कथा आहे. हरवलेली घोडी शोधत निघालेल्या पाटलाला आंब्याखाली बसलेला फकीर हाक मारतो, घोडी कुठे मिळेल ते सांगतो आणि मग चिलीम भरतो. विस्तव नाही आणि छापी भिजवायला पाणी नाही. तो फकीर, म्हणजे साईबाबा, चिमटा जमिनीत खुपसतात, निखारा येतो. सटका आपटतात, पाणी येतं. लहानपणी ही कथा ऐकताना मला निखाऱ्याचंच नवल वाटायचं. पाइपानं जीभ सोलवटल्यावर मी पाण्यापाशी थांबलो. कथा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला तेव्हा ठाऊक होतं की विस्तवाइतकीच पाण्याची गरज आहे. कोरड्या छापीनं चिलीम ओढता येत नाही.

तंबाखू मुघल दरबारात पोचली तीही आपल्याच दख्खनमधून. अकबराचा सरदार असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता, तिथे त्यानं ती पहिल्यांदा पाहिली आणि १६०४ च्या सुमारास परत जाताना रत्नजडित नळीसह बादशहापुढे ठेवली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले, हकिमानं हरकत घेतली, बादशहानं नळी बाजूला ठेवली. दरबाऱ्यांनी मात्र ती सोडली नाही. १६१७ मध्ये जहांगीरनं बंदीचं फर्मान काढलं तोवर फार उशीर झाला होता. पुढे हुक्का आणि आपली गुडगुडी घरोघरी गेली. धूर पाण्यातून आला की गार होतो आणि जिभेला मखमलीसारखा लागतो. त्यातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र पाण्यात विरघळून जात नाही. हॉलंडमधल्या खाउडा गावच्या कुंभारांनी धूर निवावा म्हणून मातीच्या पाइपाची दांडी हातभर लांब केली. तुर्कस्तानात एस्कीशेहिरच्या खाणीत सापडणारा पांढरा, हलका, सच्छिद्र दगड ओल पिऊन घेतो, म्हणून त्याचे पाइप कोरले गेले. फ्रान्समधल्या सेंट-क्लोदच्या कारागिरांनी भूमध्य समुद्राकाठच्या एरिका झुडपाच्या मुळाची गाठ घेतली, ती तासन्‌तास उकळून तिचा रस काढला, महिनोन्‌महिने सुकवली आणि आजही जगभर वापरतात तो ब्रायर पाइप दिला. अमेरिकेत मिसुरीमधल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे पाइप बनतात. स्वस्त, हलके, आणि नवशिक्याच्या जिभेसाठी मला वाटतं सर्वांत दयाळू.

पण नुसत्या जिभेचा विचार करून घडवलेली वस्तू मला एकच माहीत आहे, आणि ती मामाच्या तीन पाइपांतली एक होती. लाटव्हियातून डब्लिनला आलेला चार्ल्स पीटरसन हा लाकूडकाम करणारा कारागीर. न्यूरेंबर्गहून आलेल्या काप बंधूंचं तिथे पाइपांचं दुकान होतं, त्यांच्याबरोबर तो कामाला लागला. १८९० च्या सुमारास त्यानं पाइपाच्या मानेत भांड्याखाली एक छोटी विहीर कोरली. धुरातलं पाणी दांडीत न जाता तिथे साठावं ही कल्पना. मग १८९८ मध्ये त्यानं तोंडात धरायच्या टोकाचं पेटंट घेतलं. एरवी दांडीच्या टोकाचं भोक समोर असतं, धूर सरळ जिभेवर आदळतो. पीटरसननं ते भोक वरच्या बाजूला घेतलं. धूर टाळूकडे जातो, आणि खालचा भाग जिभेवर छत्रीसारखा राहतो.

मामाच्या त्या पाइपाचं टोक मी भिंगातून पाहिलं आहे. काळ्या रबराचं, दातांच्या दोन खाचा पडलेलं, आणि पाठीवर तिळाएवढं भोक. आतून सुती लव गुंडाळलेली तार सरकवली की ती अचूक त्याच भोकातून वर वाकून बाहेर येते. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा अनोळखी माणसाच्या दुखऱ्या जिभेचा इतका बारकाईनं विचार झाला, या गोष्टीनं मी आजही भारावतो. त्या पाइपानं माझी जीभ एकदाही पोळली नाही.

१९९६ च्या जानेवारीत मामाची दाढ दुखू लागली. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. दंतवैद्यांनी दाढ पाहिली, मग आरसा वर फिरवला आणि बराच वेळ तिथेच धरला. मला बोलावून दाखवलं. मामाची टाळू पांढरट-राखाडी पडली होती, भेगाळलेल्या जमिनीसारखी, आणि त्या पांढऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. लाळेच्या बारीक ग्रंथींची ती सुजलेली तोंडं. डॉक्टर म्हणाले, पाइप ओढणाऱ्यांची टाळू अशी होते, धुराच्या धगीनं. सोडलात तर पूर्ववत होईल. मामानं विचारलं, ‘‘पण जीभ तर कधी दुखली नाही हो माझी?’’

धूर जिभेवरून काढला तो टाळूवर गेला होता.

त्यानंतर मी हा विषय दुसऱ्या बाजूनं वाचायला घेतला. १७९५ मध्ये जर्मनीत सोमरिंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं नोंदवलं होतं की ओठाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांत जास्त दिसतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९६४ चा गाजलेला अहवाल आपण सिगारेट आणि फुप्फुसासाठी लक्षात ठेवतो. त्यात पाइपामुळे ओठाचा कर्करोग होतो हेही स्पष्ट म्हटलेलं आहे. आणि टाळूचं म्हणाल तर त्याचा सर्वांत भयंकर पुरावा आपल्याच देशातला. आंध्रच्या श्रीकाकुळम भागात बाया चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाडसर विडी, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. गोव्यात धुमटी नावाची विडी अशीच उलटी ओढली जायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि त्यांचे सहकारी १९६६ पासून खेडोपाडी फिरले, पाच जिल्ह्यांत पन्नास हजारांवर माणसांची तोंडं त्यांनी तपासली. श्रीकाकुळममध्ये उलटं ओढणाऱ्यांच्या टाळूवर त्यांना कर्करोग आणि त्याआधीचे बदल ठळक दिसले. मामाच्या टाळूवरचे ठिपके त्या मानानं सौम्य, मागे फिरणारे. पण धगीचा मार्ग तोच होता.

हे लिहिताना मला एका गोष्टीची काळजी वाटते. जीभ कशी वाचवावी हे मी वर मन लावून सांगितलं, आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. वाळवलेली तंबाखू, सैल भरणं, संथ घोट, एक दिवस वापरून दुसऱ्या दिवशी विसावलेला पाइप, आतल्या काजळीचा थर नाण्याहून जाड न होऊ देणं, मध्ये मध्ये पाण्याचा घोट. यानं चरचर जाते, आठवड्यात जाते. पण चरचर गेली म्हणून धुरातली कर्करोग घडवणारी द्रव्यं गेली असं एकाही वाचकानं समजू नये. निवलेला धूर अधिक वेळ तोंडात राहतो, अधिक वेळा घ्यावासा वाटतो. जीभ सोलवटली असेल तर ती बरी होईपर्यंत पाइपाला हात लावू नका. आणि तोंडात कुठेही चट्टा, गाठ किंवा न दुखणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. ओढणाऱ्या माणसानं आरशात फक्त जीभ पाहू नये, डोकं मागे टाकून टाळूही पाहावी. ती आपण कधीच पाहत नाही.

मामानं त्याच संध्याकाळी सोडलं. त्यानंतरही काही महिने जेवण झाल्यावर तो वर्तमानपत्राचं अर्धं पान टेबलावर पसरायचा, हात फिरवून सपाट करायचा आणि मग घडी करून ठेवायचा. मामी काही विचारायची नाही. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा आरसा फिरवला तेव्हा पांढरेपणा विरळ झाला होता, ठिपके मोजावे लागत होते. दिवाळीपर्यंत टाळू गुलाबी झाली. मी माझा पाइप त्याच वर्षी बंद केला.

मामा गेल्यावर डब्लिनचा तो पाइप माझ्याकडे आला. गेल्या आठवड्यात हा लेख लिहायला बसण्याआधी मी तो कपाटातून काढला, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या तारेनं दांडी साफ केली, तार तिळाएवढ्या भोकातून वर आली. रिकामाच तोंडात धरला. मामाच्या दातांच्या खाचांत माझे दात बरोबर बसले नाहीत. हळूच हवा ओढली. जिभेला काहीच कळलं नाही. टाळूला गार झुळूक लागली.